हीरचं काय करायचं, हे 'रॉकस्टार'ला कळलंच नाही

घुम्या रॉकस्टार आणि बोलकी कॉलेजकन्या म्हटलं की पुढचं सगळं ठरलेलं असतं. तो आधीपासूनच बंद कुलूप, ती किल्ली. इम्तियाज अलीचा 'रॉकस्टार' (11 नोव्हेंबर 2011) हे कुलूप लागतं कसं ते दाखवतो, म्हणून इतक्या वर्षांनीही तो पाहावासा वाटतो. 2024 मध्ये तो थिएटरात पुन्हा लागला होता. घरी बघणार असाल तर 2 तास 40 मिनिटं सलग काढा, आणि टीव्हीच्या स्पीकरवर बघू नका.

दिल्लीच्या हिंदू कॉलेजातला जनार्दन जाखड सुरुवातीला अजिबात घुमा नाही. विणलेला स्वेटर, गळ्यात गिटार आणि तोंडाला कुलूप नाही. कॅन्टीनवाला खटाणा त्याला सुनावतो की मोठ्या कलावंतांच्या आयुष्यात दुःख असतं, तुझ्या आयुष्यात आहे काय? मग हा गडी दुःख कमवायला निघतो आणि कॉलेजविश्वातल्या सगळ्यात देखण्या हीर कौलला गाठतो. ती झिडकारते. पुढे दोघांची गट्टी जमते, कारण लग्न ठरलेल्या हीरला त्याआधी थोडा वाह्यातपणा करून घ्यायचाय: देशी दारू, 'जंगली जवानी' नावाचा सिनेमा वगैरे. हा पहिला भाग चोख आहे. प्रेमाचा उच्चार नाही, नुसती टवाळी, आणि ती काश्मीरमधल्या लग्नघरापर्यंत टिकते. 'कतिया करूँ' त्याच भरात येतं.

पुढे जनार्दनचे घरचे चोरीचा आळ घेऊन त्याला बाहेर काढतात आणि तो निजामुद्दीनच्या दर्ग्यात जाऊन राहतो. इथलं 'कुन फाया कुन' हेडफोन लावून ऐका. जवळपास 8 मिनिटांचं गाणं आहे. रहमान आणि जावेद अली आधी कव्वालीची बैठक जमवतात, जनार्दनचा आवाज म्हणजे मोहित चौहान बराच उशिरा येतो. सिनेमातही तो आधी कव्वालांच्या घोळक्यातला एक असतो, पुढे येऊन गात नाही. बडबड्या पोराचा आवाज इथे पहिल्यांदा खाली उतरतो. पात्र बदललं हे सांगायला संवाद लागलेला नाही.

गोंधळ होतो तो काळाच्या उड्यांमुळे. सिनेमा उघडतो तोच मारामारी करून स्टेजवर धडकणाऱ्या जॉर्डनपासून (हे रॉकस्टार झालेल्या जनार्दनचं नाव), आणि मग मागेपुढे होत राहतो. सोपी खूण म्हणजे कपडे आणि केस. स्वेटर दिसला की कॉलेज, लांब केस आणि दाढी दिसली की प्रसिद्धीनंतरचं. उत्तरार्धात पत्रकार शीनाच्या (आदिती राव हैदरी) निमित्ताने जे तुकडे येतात, तिथे ही खूणही पुरत नाही. थोडं मागे जाऊन बघावं लागतं.

प्रागमध्ये हीर लग्न होऊन बसलेली आणि कोमेजलेली. जॉर्डन येतो, ती पुन्हा खुलते. इथपर्यंत ठीक. त्यानंतर लेखकाने तिला आजारी पाडलं आणि तिथेच जोडी मोडली. कॉलेजातली हीर स्वतः योजना आखायची, जनार्दन मागे फिरायचा. उत्तरार्धात तिच्याकडे एकही निर्णय उरत नाही: तो आला की तब्येत सुधारते, गेला की ढासळते. नर्गिस फाखरीचा हा पहिलाच हिंदी सिनेमा आणि आवाजही डब केलेला. टवाळीच्या प्रसंगांत ते खपून जातं. रडताना मात्र चेहरा एकीकडे आणि आवाज दुसरीकडे जातो. सगळं खापर तिच्यावर फोडणं बरोबर नाही, भूमिकाच अर्ध्यावर संपलेली आहे. रणबीर कपूरला हा त्रास नाही. पत्रकारांवर धावून जाणारा जॉर्डन आणि एकटा बसलेला जॉर्डन, दोन्हीकडे त्याचा राग एकाच ठिकाणाहून आल्यासारखा वाटतो.

अल्बममध्ये 14 ट्रॅक आहेत. मोहित चौहानचा एकच आवाज बहुतेक गाण्यांना दिलाय, त्यामुळे जॉर्डन हा खराखुरा गायक वाटतो. गाण्यागणिक आवाज बदलला असता तर हा डोलारा कोसळला असता. 'साड्डा हक'मधली इलेक्ट्रिक गिटार ओरिआंथीची. 'तुम हो' आणि 'तुम को' एकाच चालीवर आहेत, पण कविता कृष्णमूर्तींचं 'तुम को' वेगळ्याच वयाचं वाटतं. लागोपाठ ऐकून बघा. 'हवा हवा' प्रागच्या चित्रीकरणासकट ठीक, नुसतं ऐकायला लांबतं.

चुकवू नये ते 'द डायकॉटमी ऑफ फेम'. एकही शब्द नाही. बालेश यांची शहनाई, काबुलींची गिटार. पडद्यावर शहनाई आहे उस्ताद जमील खान, म्हणजे शम्मी कपूर यांच्या हातात. रणबीरच्या आजोबांचे हे धाकटे भाऊ सिनेमा लागण्याआधी तीन महिने गेले. उस्ताद एक जागा घेतात, पोरगा गिटारवर उत्तर देतो, पुन्हा थांबतो, ऐकतो. मोबाइलच्या स्पीकरवर यातली शहनाई नुसती किंचाळते आणि गिटार तिच्याखाली दबून जाते. बरे हेडफोन हाताशी नसतील तर हा ट्रॅक तेवढा नंतरसाठी ठेवा.