कॉमिक्सचा कागदी अंक घेऊ का मोबाईलवर वाचू?
बुधवार आला की माझं ध्यान कापूस वेचण्यात लागत नाही, मार्वल कंपनीच्या कॉमिक्सचे नवीन अंक अमेरिकेत त्याच दिवशी येतात ना. मोबाईलवर विकत घेतला तर लगेच वाचता येते, मार्वल अनलिमिटेड या त्यायच्या वर्गणीवाल्या अ‍ॅपवर साधारण ३ महिने थांबा लागते पण जुना ढीग वाचाले मिळते, फक्त वर्गणी बंद केली की सगळं गेलं. कागदी अंक महाग, नागपूरले जा नाहीतर कुरिअरची वाट पाहा. पण दोन पानांवर पसरलेलं चित्र मोबाईलवर तुटते राजा, जीव हळहळते, कागदावर तेच मांडीवर उघडलं की दहा मिनिटं पान पलटवाले मन होत नाही, आणि वाचून झालं की पुतण्याले देता येते. मी दर आठवड्याचं मोबाईलवर वाचतो, लयच आवडलं तर पुस्तक मागवतो.