डोक्याला मार: अंधारी खोली की हलकी हालचाल?

मैत्रिणीच्या 14 वर्षांच्या लेकीला फुटबॉल खेळताना डोक्याला मार लागला. डॉक्टरांनी कन्कशन सांगितलं, म्हणजे धक्क्यामुळे मेंदूचं काम तात्पुरतं बिघडणं. आजी म्हणते, अंधाऱ्या खोलीत पडून राहू दे. 22 वर्षांचा मामेभाऊ म्हणतो, "मी दोन आठवड्यांत मैदानावर होतो!"

मामेभावाचा हिशेब तिला लावू नका. मोठ्यांची लक्षणं बहुधा 10 ते 14 दिवसांत ओसरतात, किशोरवयात 4 आठवडेही लागू शकतात.

पहिले 24 ते 48 तास आजी बरीचशी बरोबर: आराम करायचा, मोबाइल कमी. पुढे मात्र खोली मागे पडते. खेळातल्या कन्कशनवरच्या 2022 च्या अ‍ॅमस्टरडॅम परिषदेतल्या तज्ज्ञांनीही कडक विश्रांतीपेक्षा लवकर सुरू केलेल्या हलक्या व्यायामाला कौल दिला. चालताना डोकं किंचित जास्त दुखलं आणि तासाभरात उतरलं, तर हरकत नाही. त्याहून वाढलं तर त्या दिवसापुरतं थांबायचं.

मनाचं म्हणाल तर पडून राहून पोर चिडचिडी होते, झोपेचं खोबरं होतं ते वेगळंच.

कष्ट? खोली सोपी, दार लोटलं की झालं. हालचालीत आईला वही घेऊन बसावं लागतं: किती मिनिटं चालली, किती दुखलं.

आणि हालचाल म्हणजे सामना नव्हे. आधी शाळा सुरळीत, मग डॉक्टरांच्या परवानगीनंतरच अंगाला अंग भिडणारा सराव.

पहिल्या दोन दिवसांसाठी आजी म्हणते तसा आराम, नंतर बहुतेक मुलांना हालचाल. वारंवार उलट्या, गुंगी, वाढती डोकेदुखी असेल तर दोन्ही सोडा, थेट हॉस्पिटल गाठा.