कंपाउंड बोचा स्टॅबिलायझर : दिवाळीपासून पावसापर्यंत वापरल्यानंतर

कंपाउंड म्हणजे चाकं आणि दोऱ्यांचं यांत्रिक धनुष्य (बो), आणि स्टॅबिलायझर म्हणजे नेम धरताना तो हलू नये म्हणून लावायच्या वजनाच्या दांड्या. माझा सेट असा आहे: पुढे ३० इंची कार्बनचा लाँग रॉड, मागे १२ इंची बॅक बार, आणि दोन्हींच्या टोकाला एकेका औंसाच्या स्टीलच्या चकत्या. बो ४८ पाउंडांचा, लेट-ऑफ ७५ टक्के, म्हणजे पूर्ण ओढल्यावर हातात १२ पाउंड उरतात. दिवाळीनंतर बसवला, उन्हाळाभर ५० मीटरवर वापरला आणि आता पावसाने मैदान बंद झाल्यावर लिहायला सवड मिळाली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इतक्या महिन्यांत माझं मत पक्कं झालंय की नावापेक्षा लांबी, वजन आणि बॅक बारचा कोन हेच सगळं ठरवतात. त्यातही वजन ठरवायची वेळ सर्वांत महत्त्वाची.

२०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची आदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडमध्ये जगज्जेते झाले. ओजसने तर फायनलला १५० पैकी १५० मारले. आता २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धाही येतेय. साहजिकच मैदानावर पालक विचारतात, "ताई, त्यांच्यासारखाच सेट घेऊ का मुलीला?" त्यांच्यासाठीच हे जरा सविस्तर लिहितेय.

आधी लांबी. डोंबारी दोरीवर चालताना लांब काठी आडवी धरतो, तेच तत्त्व इथे आहे: वजन हातापासून जितकं लांब, तितकं ते हलायला नाखूश. ३० इंचांवर ३ औंस लावले तर पुढचा भार ३० गुणिले ३, म्हणजे ९०. तोच ९० चा भार २४ इंची रॉडवर हवा असेल तर पावणेचार औंस लावावे लागतात. मनगटाला दोन्ही सारखेच ओढतात. पण हलण्याला होणारा विरोध लांबीच्या वर्गाने वाढतो, तो हिशेब केला की २४ इंची रॉड साधारण २० टक्क्यांनी कमी पडतो, आणि वजन जास्त उचलावं लागतं ते वेगळंच. म्हणून मोकळ्या मैदानावरच्या टार्गेट शूटिंगला लांब रॉड. लहान चणीच्या मुलांना २४ ते २७ इंच बरे पडतात.

ऑनलाइन 'स्टॅबिलायझर' शोधलं की सहा-आठ इंची, पुढे रबर लावलेले बुटके रॉड समोर येतात. स्वस्त असल्यामुळे अनेक जण तेच घेतात. ते परदेशातल्या शिकाऱ्यांसाठी आहेत. झाडीत अडकू नयेत म्हणून आखूड, आणि बाण सुटल्यावरचा हादरा शोषावा म्हणून रबर. तेवढं काम ते चोख करतात. पण ५० मीटरवर नेम धरताना त्यांचा उपयोग नावापुरताच.

आता बॅक बार. उजव्या हाताच्या धनुर्धराची साइट (नेम धरायचं साधन) रायझरच्या, म्हणजे बोच्या मधल्या दांड्याच्या, उजव्या बाजूला असते, त्यामुळे बो उजवीकडे कलंडायला बघतो. बॅक बार डावीकडे थोडा बाहेर आणि खाली झुकवून लावला की तो कल मारला जातो. किती बाहेर, याची परीक्षा आमच्या सरांनी शिकवली: बाण लावून, बटकडे (बाण अडवणाऱ्या लक्ष्याकडे) तोंड करून, डोळे मिटून ओढायचं, अँकरला (हात जबड्याशी टेकायच्या ठरलेल्या जागी) यायचं, मग डोळे उघडून स्कोपमधला, म्हणजे साइटच्या भिंगातला, पाणसळीचा बबल बघायचा. बबल मधोमध आपोआप सापडला पाहिजे, मनगट पिळून आणायचा नाही. मग बाण न सोडता सावकाश परत यायचं. (बाण न लावता कंपाउंड कधीही सोडू नका. कॅम (चाकं), लिंब (बोचे वाकणारे हात), स्ट्रिंग, काहीही तुटू शकतं.) माझा बार कंसात एकेक खाच सरकवत दोन-तीन सरावांत जागेवर आला. त्यानंतर बाणांचं डावी-उजवीकडे पसरणं स्पष्ट कमी झालं. पूर्ण सेटमधला सर्वांत मोठा फायदा मला इथे दिसला.

वजनाचं मात्र तसं पटकन जमत नाही. सुरुवातीला पुढे ४ आणि मागे १० औंस लावून बघितले. पहिल्या एंडला (सहा बाणांच्या फेरीला) हे फार सुखावह वाटतं. स्कोपचा ठिपका लक्ष्यावरच्या ८ सेंटिमीटरच्या, दहा गुणांच्या वर्तुळात येऊन थांबतो, जणू कुणी धरून ठेवलाय. पण आपल्याला मारायचे असतात ७२ बाण, सहा-सहाचे १२ एंड. दहाव्या एंडला तोच ठिपका दहात येतो, क्षणभर बसतो आणि मग हळूच खाली आठाकडे, साताकडे उतरू लागतो. तो वर आणायला आपण नकळत खांदा उचलतो, खांदा उचलला की पाठीचा ताण सुटतो, आणि मग ठिपका मधल्या पिवळ्यातून जाताना दिसला रे दिसला की अंगठा रिलीज (दोरी सोडायचं हातातलं साधन) दाबून टाकतो. बाण सहा वाजताच्या दिशेला आठात. हे एकदा बारकाईने बघितलं की कळतं, ४ आणि १० औंस हे ताज्या खांद्याचं वजन होतं.

म्हणून वजन नेहमी शेवटच्या चार एंडना ठरवायचं. मी उलटं मोजत आले: पुढे २, मागे ६ वर बाराव्या एंडलाही ठिपका खाली उतरत नव्हता. पहिल्या एंडला तो किंचित जास्त फिरायचा, पण दहाच्या आतच. मग व्यायाम चालू ठेवून मागेपुढे एकेक चकती चढवत उन्हाळ्याच्या शेवटी ३ आणि ८ वर आले. १२ इंचांवर ८ औंस म्हणजे ९६, पुढचे ९०. बार झुकलेला असल्यामुळे मागचा भार प्रत्यक्षात थोडा कमीच पडतो. हा हिशेब सुरुवातीपुरता धरायचा, पुढचं डोळ्याने बघायचं. ठिपका खाली पडत असेल तर पुढचं वजन कमी, वर तरंगत राहत असेल तर मागचं कमी. एका वेळी एकच चकती, आणि मध्ये निदान एक पूर्ण सराव.

ज्यांचा होल्ड (पूर्ण ओढल्यावर हातात उरणारा ताण) माझ्यासारखा १२ पाउंडांचा आहे त्यांनी ६० पाउंड ओढणाऱ्या मुलांची वजनं अजिबात उचलू नयेत. त्यांच्या हातात १५ पाउंड उरतात, तो ताणच बो तोलून धरतो.

वाऱ्याबद्दल: माझा रॉड मध्यम जाडीचा आहे. एप्रिल-मेच्या दुपारच्या वाऱ्यात तो आडवा ढकलला जातो हे जाणवतं. बारीक रॉडला वारा कमी लागतो, पण तो तितकाच ताठ हवा असेल तर कार्बन भारी दर्जाचा लागतो आणि किंमत चढते.

तक्रार एकच आहे, पण मोठी. सोबत आलेला क्विक डिस्कनेक्ट (बार झटकन काढायची-लावायची जोडणी) काही आठवड्यांत ढिला झाला. बाण सुटल्यावर बारीक टिकटिक ऐकू यायची, बार दोन मिलिमीटर खेळायचा. विक्रेत्याने 'असंच असतं' म्हणून हात झटकले. असंच नसतं. मी तो काढून साधा, पक्का बोल्टचा कंस बसवला, आवाज गेला. बोमधला आटा सगळीकडे ५/१६-२४ या मापाचाच असतो, त्यामुळे अदलाबदल सोपी. चकत्यांचा स्क्रू मात्र काही कंपन्यांत १/४-२० असतो, तेव्हा जुन्या चकत्या नव्या रॉडला बसतील हे गृहीत धरू नका. बोल्टला निळा थ्रेडलॉकर (आटा ढिला होऊ न देणारा डिंक) एक थेंब पुरे. लाल लावलात तर काढताना रॉडचं टोक उपटून यायची भीती. पावसाळ्यात चकत्या पुसून, हलका तेलाचा हात देऊन ठेवा, आट्यात गंज आधी धरतो.

इंडियन बोवरून कंपाउंडला येणाऱ्या मुलांसाठी एवढंच सांगेन: लाकडी धनुष्यावर काहीच लावलेलं नसतं, त्यामुळे साइटसकट तीन किलोंचा बो हातात येणं हाच त्यांच्या खांद्याला मोठा बदल असतो. त्यांना आधी फक्त लाँग रॉड आणि एक चकती द्या. ७२ बाण त्यावर नीट पूर्ण होऊ लागले की बॅक बार घ्या. चकत्यांचे पैसे वेगळे पडतात, पण त्या सुट्या मिळतात, तेव्हा एकदम डझनभर घेऊन ठेवायची गरज नाही.