टाकीवर चालणारा शंभर रोपांचा ठिबक संच: शेत सोडून चार दिवस पाहुण्यांकडे जाणाऱ्या दोघांसाठी

उन्हाळाभर शेतावर राहायला गेलेल्या नवराबायकोला खुरपणीने घाम फुटत नाही, तो फुटतो दोन्हीकडच्या घरी जाऊन यायचं ठरलं की. चार दिवस त्यांच्याकडे, तीन दिवस यांच्याकडे, आणि भर उन्हात पाण्यावाचून वाफा दोन दिवससुद्धा तग धरत नाही. मग एकाने जायचं आणि दुसऱ्याने झारी धरायची, असं होतं. टाकीवर चालणारे ठिबक संच याच गिऱ्हाइकावर डोळा ठेवून विकले जातात: पंप नको, वीज नको, टायमर लावा आणि निघा. यातली पहिली दोन वाक्यं खरी आहेत. घोडं पेंड खातं ते तिसऱ्यापाशी.

शंभर रोपांच्या संचात साधारणपणे १६ मिमीची काळी नळी, ४ मिमीची बारीक नळी, ताशी ४ लिटरचे ड्रिपर (झाडापाशी थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या छोट्या तोट्या), टी, एल्बो, टोक दुमडून बंद करायच्या कड्या, भोक पाडायचा पंच, जाळीचा फिल्टर, टाकीला बसवायचा जोड आणि बॅटरीचा टायमर असतो. नळ्या आणि जोडांबद्दल फारशी तक्रार नाही. पंच मात्र बरेचदा बोथट निघतो. भोक कातरल्यासारखं गोल न पडता फाटल्यासारखं पडलं, तर ड्रिपर पहिल्या दिवशी घट्ट बसतो आणि ऊन लागून नळी मऊ झाली की निसटतो. एक चांगला पंच वेगळा घ्यावा. हे काटकसर करायचं ठिकाण नव्हे.

आता दाबाचा हिशेब, कारण खोक्यावरचे आकडे इथे लागू पडत नाहीत. ड्रिपरवर लिहिलेले ताशी ४ लिटर हे १ बार दाबाचे असतात आणि १ बार म्हणजे जवळजवळ १० मीटर उंचीचं पाणी. टाकी १ मीटर उंच ओट्यावर ठेवली तर मिळतो ०.१ बार. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. दाब दहापट कमी झाला की पाणी साधारण एक तृतीयांशावर येतं, म्हणजे ताशी सव्वा लिटर. हे वाईट नाही. फक्त ते गृहीत धरून वेळ लावायला हवी. माहितीपत्रकात '१५ मिनिटं पुरे' असं छापलेलं असेल तर ते पंपावर चालणाऱ्या संचासाठी आहे, असं समजून पान उलटावं.

प्रेशर कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर, म्हणजे आत रबराचा पडदा असलेले, या संचाबरोबर 'सुधारित' म्हणून येतात. टाकीवर ते घेऊ नयेत. पडदा नीट काम करायला बहुधा ०.५ ते १ बार लागतो, त्याखाली कुठला ड्रिपर किती सोडेल याचा नेम राहत नाही. फिरवून कमी-जास्त करायचे टोपीवाले ड्रिपरही कुंड्यांपुरतेच ठीक. शंभर टोप्या सारख्या फिरवणं कुणाला जमलेलं नाही, आणि जी जास्त उघडी राहते ती शेजारच्यांचं पाणी पिते.

टायमर दोन जातींचे असतात आणि खोक्यावरून फरक कळत नाही. पहिल्या जातीत सोलेनॉइड व्हॉल्व्ह असतो. त्यात विजेची गुंडाळी फक्त एक बारीकशी वाट उघडते किंवा बंद करते. मोठा रबरी पडदा हलवायचं काम पाण्याचा दाबच करतो. म्हणून अशा टायमरला किमान ०.५ ते १ बार दाब लागतो, म्हणजे टाकी ५ ते १० मीटर वर हवी. १ मीटरवर पडदा एक तर उघडत नाही किंवा अर्धवट बसून पाणी ठिबकत राहतं. घड्याळ चालू, दिवा लुकलुकतोय, टिकटिक आवाज येतोय, आणि वाफे कोरडे. या संचाबद्दलच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे आणि लोक उगाच नळ्या उपसत बसतात.

दुसऱ्या जातीत छोटी मोटर आतला बॉल व्हॉल्व्ह, म्हणजे आरपार भोक असलेला गोळा, फिरवते. त्याला दाबाची गरज नसते. खोक्यावर बारीक अक्षरात 'किमान दाब' शोधावा: ० बार असेल तर घ्यावा, ०.५ लिहिलं असेल तर दुकानदार काहीही म्हणो, परत द्यावा. ओळखायची आणखी एक खूण म्हणजे आवाज. सोलेनॉइड एकदाच टक् करतो, बॉल व्हॉल्व्ह उघडताना दोन-चार सेकंद मोटरची घरघर ऐकू येते. संचासोबत सोलेनॉइड आला असेल तर संच टायमरविना घेऊन बॉल व्हॉल्व्हचा टायमर वेगळा जोडावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

बॉल व्हॉल्व्हचीही एक खोड आहे. पाणी चालू असताना बॅटरी संपली तर तो उघडाच राहतो आणि टाकी एका बैठकीत रिकामी होते. काही टायमर बॅटरी उतरत आली की आधीच बंद होऊन बसतात. ती सोय असलेला मिळाला तर उत्तम. निघण्याआधी नव्या अल्कलाइन बॅटऱ्या घालाव्यात. रिचार्जेबल सेल १.५ ऐवजी १.२ व्होल्टचे असल्याने कित्येक टायमर त्यांना पहिल्या दिवसापासूनच 'उतरलेले' समजतात. बॅटरी बदलल्यावर घड्याळ पुन्हा लावावं लागतं का, तेही बघावं. नाहीतर पहाटे पाचचं पाणी दुपारी दोनला सुटतं. आणि फिल्टर टायमरच्या आधी बसवावा, नंतर नव्हे. वाळूचा एक कण बॉलच्या कडेत अडकला की मोटर थांबते.

मोबाइलवरून चालवायचे टायमरही आहेत. वाफ्यापर्यंत वाय-फाय पोहोचत असेल तर हौस म्हणून घ्यावेत, पण निसटलेला ड्रिपर फोनवर दिसत नाही. उंटावरून शेळ्या हाकण्यातला प्रकार.

टाकी किती मोठी हवी, हे संच विकणारा क्वचित सांगतो, कारण उत्तर ऐकून गिऱ्हाईक दचकतं. कडक उन्हात जमीन आणि पीक मिळून दिवसाला ६-७ मिमी पाणी उडवतात, म्हणजे दर चौरस मीटरला ६-७ लिटर. टोमॅटो किंवा वांगी ६० बाय ४५ सेंमीवर लावली असतील तर एका भरात आलेल्या झाडाच्या वाट्याला ०.२७ चौरस मीटर येतो. दिवसाला साधारण १.८ लिटर लागतात, शंभर झाडांना १८० लिटर. म्हणजे २०० लिटरचं पिंप ही एका दिवसाची सोय. चार दिवसांना ७२० लिटर, आणि हातचं राखून १००० लिटरची टाकी. नुकत्याच लावलेल्या रोपांना याच्या पाव भागावर भागतं, त्यामुळे मोठा मुक्काम हंगामाच्या सुरुवातीलाच उरकलेला बरा. वाफ्यावर ५-७ सेंमी जाडीचं पाचट किंवा वाळलं गवत अंथरलं तर जमिनीतून उडणारं पाणी बरंच वाचतं. टाकी वाढवण्यापेक्षा हे आधी करावं.

१००० लिटर म्हणजे एक टन वजन. ते चार विटांच्या थप्प्यांवर पेलत नाही. ओटा भरीव हवा, टाकीचा तळ पूर्ण टेकलेला हवा, आणि टाकीच्या जोडातून गळती नको. गळणाऱ्या पाण्याने ओट्याखालची माती एका बाजूने बसते आणि टाकी कलते. पाण्याची वाट तळापासून ५ सेंमी वर काढावी, म्हणजे गाळ खालीच राहतो. टाकी काळी किंवा झाकलेली हवी. उजेड लागला की आठवड्यात शेवाळ धरतं आणि फिल्टर भरतो.

जोडणीत फार काही नाही, पण क्रम चुकू नये. टाकी, चालू-बंद नळ, फिल्टर, टायमर, मग मुख्य नळी. जमिनीला उतार असेल तर मुख्य नळी वरच्या कडेने न्यावी आणि वाफ्यातल्या नळ्या समपातळीत सोडाव्यात. दाब इतका थोडा असतो, की वाफ्याचं एक टोक ३० सेंमी उंच असेल तर तिथे पाणी १५ टक्क्यांच्या आसपास कमी पडतं. वाफ्यातली एक नळी १५ मीटरपेक्षा लांब नको. मुख्य नळीला मध्ये कुठे उंचवटा ठेवू नये, तिथे हवा कोंडते आणि पुढचं पाणी अडतं. नळी तासभर उन्हात पसरून ठेवावी, टोक गरम पाण्यात बुडवून मग जोड सारावा. तेल लावू नये. काळी नळी दुपारी चांगलीच लांबते: १५ मीटरची नळी पहाटेपेक्षा दुपारी ७-९ सेंमी लांब भरू शकते. ताणून खुंटीला बांधली तर रात्री आखडताना ती जोडातून सुटते. किंचित नागमोडी सोडावी. ड्रिपर वरच्या बाजूला ठेवावेत, नाहीतर पाणी बंद होताना नळी आतून ओढ घेते आणि मातीसकट चिखल शोषते.

टोकं बंद करण्याआधी प्रत्येक नळीतून दोन-तीन मिनिटं मोकळं पाणी जाऊ द्यावं. पंचाने पडलेले प्लास्टिकचे तुकडे बाहेर निघाले नाहीत तर तेच ड्रिपरमध्ये जाऊन बसतात, आणि मग नवा संच 'चोक' झाला म्हणून ओरड.

मग मोजणी. हे टाळणारे बरेच आहेत आणि पस्तावणारेही तेच. टाकी अर्धी भरलेली असताना दहा ड्रिपरखाली छोट्या वाट्या ठेवाव्यात: टाकीजवळचे, मधले, टोकाचे. ६ मिनिटं पाणी सोडावं आणि मिलिलिटरच्या मापात मोजावं. आलेल्या आकड्याला १० ने गुणलं की ताशी पाणी मिळतं. वाटीत १३० मिली आलं तर ताशी १.३ लिटर. सर्वांत कमी वाटी सरासरीच्या ८० टक्क्यांखाली गेली असेल तर उतार, कोंडलेली हवा किंवा तुंबलेला ड्रिपर, या क्रमाने शोध घ्यावा. १.८ लिटर हवे असतील तर ताशी १.३ ने साधारण ८३ मिनिटं. हलक्या, रेताड जमिनीत ते पहाटे आणि संध्याकाळी असं दोनदा विभागावं, भारी जमिनीत एकदाच पहाटे द्यावं. अर्धी टाकी धरायचं कारण असं, की पाणी उतरतं तसा दाबही उतरतो. १ मीटर ओट्यावरची मीटरभर उंच टाकी पूर्ण भरलेली असताना जे पाणी मिळतं, त्याच्या ७० टक्केच टाकी संपत आली की मिळतं. टायमर मिनिटं मोजतो, लिटर नव्हे. शेवटच्या दिवसाचं पाणी कमीच पडणार हे धरून चालावं.

निघण्याआधी निदान तीन दिवस संच टायमरवर चालवून बघावा, आपण घरी असतानाच. टाकीच्या बाजूला खडूने रोज पातळीची रेघ मारावी. १८० लिटर उतरायला हवे होते आणि ३०० उतरले तर कुठेतरी निसटलंय. एका ड्रिपरचं ४ मिमीचं भोक उघडं पडलं तर १ मीटरच्या दाबाला त्यातून मिनिटाला दोन लिटरच्या आसपास पाणी जाऊ शकतं, म्हणजे उरलेले नव्याण्णव मिळून जेवढं पितात जवळजवळ तेवढंच. संच बसवल्यावर उरलेले भोकं बंद करायचे गट्टू म्हणूनच फेकू नयेत, टाकीपाशी डबीत ठेवावेत.

आपण जायच्याऐवजी पाहुणेच शेतावर आले तर वेगळा घोळ होतो. हातपाय धुणं, भांडी, पोरांचा खेळ, सगळं त्याच टाकीवर. वापरायचा नळ ठिबकच्या वाटेपेक्षा ३० सेंमी वर बसवावा. टाकी त्या पातळीला आली की वरचा नळ आपोआप कोरडा पडतो आणि खालचं पाणी झाडांसाठी राहतं, कुणाला रागे भरावं लागत नाही. बारीक ४ मिमीच्या नळ्या पायात अडकून सुटतात, त्या वाटेवरून न नेता वाफ्याच्या आतल्या अंगाने न्याव्यात. मागे कुणी लक्ष ठेवायला असेल तर त्याला सतरा सूचना देऊ नयेत, फक्त खडूची रेघ आणि टोकाच्या वाफ्याची ओल, एवढंच बघायला सांगावं.

देखभालीत फिल्टर हाच मुख्य. जाळी आठवड्याला काढून ब्रशने धुवावी, पाणी गढूळ असेल तर रोज. शेवाळ असलेल्या पाण्याला जाळीपेक्षा चकत्यांचा फिल्टर सरस. टाकीतून विद्राव्य खत द्यायचं असेल तर कॅल्शियम असलेलं खत फॉस्फेट किंवा सल्फेटवाल्या खतासोबत कधीही मिसळू नये, पांढरा साका होऊन ड्रिपर कायमचे बसतात. खत कापडातून गाळून घालावं आणि नंतर १०-१५ मिनिटं साधं पाणी सोडावं. मुक्कामाला निघायच्या आदल्या दिवशी तर खत देऊच नये. टाकीत राहिलेल्या खताच्या पाण्यावर शेवाळ झपाट्याने वाढतं.

ज्यांच्या पाण्यात लोह जास्त आहे, म्हणजे बादलीत रात्रभर ठेवलं की तळाशी तांबूस थर बसतो, त्यांनी हा संच घेऊ नये. इतक्या कमी दाबाला तो थर ड्रिपरमधून बाहेर पडत नाही. पाणी एका टाकीत उघडं ठेवून, निवळून मग दुसऱ्या टाकीत घ्यायची तयारी असेल तर गोष्ट निराळी. शंभरावर झाडं असतील तरी एकाच मुख्य नळीवर वाढवत जाऊ नये, दुसरी टाकी आणि दुसरा टायमर लावावा. हंगाम संपला की टोकं उघडून नळ्या धुवाव्यात, दुमडलेल्या टोकाचा ५ सेंमी तुकडा कापून टाकावा, कारण तिथेच नळी चिरते, आणि टायमरमधल्या बॅटऱ्या काढून ठेवाव्यात.