एलियन: आयसोलेशन – दिवे घालवून खेळा

रिडली स्कॉटचा १९७९चा 'एलियन' मी पहिल्यांदा भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिला. चित्र मध्येच थरथरायचं, कडेला रेघा यायच्या. २०१४चा हा गेम प्लेस्टेशनवर सुरू केला आणि त्याच रेघा पुन्हा समोर! बनवणाऱ्यांनी गेममधल्या कॉम्प्युटरच्या पडद्यांवरची दृश्यं खरोखर व्हीएचएस कॅसेटवर उतरवून, मुद्दाम बिघडवून परत घेतलीत. केवढी माया ही त्या सिनेमावरची!

गोष्ट सिनेमाची नायिका रिप्ली हिच्या मुलीची, अमांडाची. आई बेपत्ता होऊन १५ वर्षं झालीत. सिनेमातला तो परग्रही प्राणी मारता येत नाही, फक्त लपायचं. मी कपाटात शिरले, तो दाराच्या फटींपाशी आला, आणि श्वास रोखायचं बटण दाबताना सोफ्यावर माझाही श्वास रोखलेला. सेव्ह करायला भिंतीवरच्या यंत्रात कार्ड घालून थांबावं लागतं; तेवढे क्षण जीव मुठीत.

उत्तरार्ध मला जरा लांबलेला वाटला. पण सिनेमातला अंधार, हिरवी अक्षरं, पाइपांतून सुटणारी वाफ, सगळं जिथल्या तिथे आहे. हेडफोन मात्र लावाच. छतातल्या नळ्यांमधून तो कुठवर आलाय, ते आधी कानांनाच कळतं.