भरतीच्या नावाखाली फसवणूक : फौजी म्हणाला म्हणून आम्ही कागद तपासलेच नाहीत

हे लिहायला मला वर्ष लागलं, घरच्यांची लाज वाटत होती म्हणून. पण मागच्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यातल्या मैत्रिणीचा फोन आला की त्यांच्या भाच्याला पण कुणीतरी रिटायर सुभेदार मेजर भेटलाय, कोट्यातून काम करतो म्हणतोय. ते ऐकलं आणि रात्रभर झोप नाही आली. म्हणून सगळं लिहितेय, पूर्ण वाचा आणि ज्यांच्या घरात भरतीची तयारी करणारं पोरगं आहे त्यांना नक्की पाठवा.

आम्ही सातारा जिल्ह्यातले. आमच्याकडे फौजी म्हटलं की माणूस उठून उभा राहतो, अपशिंगे मिलिटरी सारखं गाव आमच्याच जिल्ह्यात आहे जिथं घराघरात फौजी आहेत. माझा धाकटा भाऊ बारावी झाल्यापासून एकच म्हणायचा, मराठा लाइट इन्फंट्री. पहाटे साडेचारला उठून १६०० मीटर मारायचा, साडेपाच मिनिटांच्या आत यायचा. २०२३ ला तो २० चा होता आणि अग्निवीरला तेव्हा वय २१ पर्यंतच होतं, त्यामुळे अण्णांना, म्हणजे वडिलांना, घोर लागलेला. मी पुण्याला चाकणला कंपनीत कामाला, घरी दोन आठवड्यांतून एकदा.

त्या ऑक्टोबरमध्ये एक जण भावाच्या भरती अकॅडमीच्या ग्राउंडवर यायला लागला. कडक इस्त्री, बारीक केस, बोलण्यात अर्धी हिंदी, पोरांना रांगेत उभं करून सावधान विश्राम करायचा. म्हणाला मी मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार मेजर म्हणून रिटायर झालो, कारगिलला होतो, बेळगाव सेंटरला माझी माणसं आहेत. पोरं साहेब साहेब करायला लागली. मग एक दिवस तो घरीच आला, चहा घेतला, आईला माताजी म्हणाला आणि अण्णांना बाजूला घेऊन सांगितलं की युएचक्यू कोट्यातून एक जागा आहे, पाच लाख लागतील, अर्धे आधी अर्धे जॉइनिंगनंतर.

इथं थांबून एक गोष्ट सांगते कारण सगळा डाव याच्यावर उभा होता. युएचक्यू कोटा खरोखर असतो. युनिट हेडक्वार्टर कोटा. पण तो आजी माजी सैनिकांच्या मुलांसाठी, सख्ख्या भावांसाठी, वीरपत्नींच्या मुलांसाठी असतो आणि त्याला रेकॉर्ड ऑफिसचं, म्हणजे सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीचं, रिलेशन सर्टिफिकेट (नात्याचा दाखला) लागतं. तिथंही पोराला धावावंच लागतं, लेखी द्यावीच लागते. आमच्या घरात तीन पिढ्यांत कोणी फौजेत नाही, म्हणजे तो कोटा आम्हाला लागूच नव्हता! पण नाव खरं होतं आणि नेटवर शोधलं की दिसत होतं, म्हणून आम्हाला बाकीचंही खरं वाटलं.

पैसे असे गेले. आईचं गंठण पतसंस्थेत ठेवून १ लाख रोख, माझी भिशी उचलून ८० हजार ऑनलाइन, तेही साहेबांच्या मेव्हण्याच्या नंबरवर, आणि जॉइनिंगचं पत्र आल्यावर चुलत्यांकडून घेतलेले १ लाख. एकूण २ लाख ८० हजार. वर दहावी बारावीच्या ओरिजनल मार्कशीट आणि सही केलेला कोरा चेक. मेडिकल म्हणून एका खाजगी लॅबमध्ये रक्त तपासून आणलं. खऱ्या भरतीत मेडिकलच्या आधी पोरगं ग्राउंड मारतं आणि मेडिकल आर्मीचे डॉक्टर करतात, हे गावातल्या कुठल्याही फौजीला विचारलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं.

२०२४ च्या एप्रिलमध्ये जॉइनिंग लेटर आलं, व्हॉट्सअॅपवर. तिरंगा, अशोकस्तंभ, गोल शिक्का, सगळं. मे महिन्यात धाकटा काळी पेटी घेऊन रात्रीच्या एसटीने बेळगावला गेला, सोबत चुलते. सकाळी गेटवर रांगेत उभा राहिला. ड्युटीवरच्या हवालदारांनी पत्र हातात घेतलं, दोनदा वाचलं आणि विचारलं, बेटा, कितने दिये? चुलते सांगतात की ते ओरडले नाहीत, हाकललं पण नाही, पाणी दिलं बसायला जागा दिली आणि म्हणाले की या महिन्यातलं हे पहिलं नाही. तोपर्यंत साहेबांचा फोन बंद झाला होता. धाकटा परत आला तो चार दिवस कुणाशी बोलला नाही, पेटी अजून माळ्यावर आहे, उघडलेली नाही.

मग आम्ही ते केलं जे ऑक्टोबरमध्येच करायला हवं होतं. आमच्या गल्लीत खरे रिटायर सुभेदार आहेत, आम्ही त्यांना तात्या म्हणतो. फसवणाऱ्या साहेबानं सुरुवातीला स्वतःहून डिस्चार्ज बुकच्या, म्हणजे फौजेतून सुटताना मिळणाऱ्या सर्व्हिसच्या पुस्तकाच्या, दोन पानांचा फोटो पाठवला होता, आम्ही कुणी मागितलाही नव्हता. तो फोटो तात्यांना दाखवला, त्यांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून ठेवून दाखवायला लागले. पोरी, हे बघ जन्मतारीख, १९८४. कारगिल १९९९ ला झालं, म्हणजे हा १५ वर्षांचा होता, आणि इथंच भरतीची तारीख २००२ लिहिलीये. वरच्या ओळीत हुद्दा सुभेदार मेजर आणि नंबर मात्र साधा, जेसीओ, म्हणजे नायब सुभेदार किंवा त्याच्या वर झाला की नंबर जेसी ने सुरू होतो आणि शेवटी एक अक्षर असतं, इथं दोन्ही नाही. आणि एकोणचाळिशीत सुभेदार मेजर रिटायर? तो हुद्दा नोकरीच्या अगदी शेवटाला मिळतो, तोही मोजक्यांना. जवान म्हणून लागलेला माणूस नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार एवढं चढून मग तिथं पोचतो.

आणि मग तात्या जे बोलले ते माझ्या डोक्यातून जात नाही. २६ जानेवारीला शाळेच्या झेंडावंदनाला तो माणूस कोट घालून आला होता, छातीवर मेडल. तात्या म्हणाले, मेडल उजव्या बाजूला होती, आपली स्वतःची मेडल डावीकडे लावतात, उजवीकडे घरातल्या गेलेल्या माणसाची लावतात, मला वाटलं बापाची असतील. मी म्हटलं तात्या तुम्ही तेव्हा का नाही बोललात? म्हणाले, फौजी माणसाला चारचौघांत कसं विचारायचं.

हेच. आम्हाला पण तेच वाटलं होतं, की विचारलं तर अपमान होईल. तात्या उठून आत गेले आणि प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यांचं डिस्चार्ज बुक घेऊन आले, कोपरे झिजलेले, आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले आम्हाला कँटीनचं कार्ड काढताना दाखवावं लागतं, इसीएचएसला, म्हणजे माजी सैनिकांच्या दवाखान्याच्या योजनेला दाखवावं लागतं, बँकेत दाखवावं लागतं, पोराच्या कॉलेजात दाखवावं लागतं, आम्हाला कागद मागितला तर राग येत नाही. त्यात भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख आणि कारण, कॅरेक्टर म्हणजे वागणुकीचा शेरा, मेडल, रेकॉर्ड ऑफिसचा शिक्का, सगळं ओळीनं. सोबत पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा सरकारी कागद, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं माजी सैनिक ओळखपत्र.

तर तुम्हाला कुणी फौजी म्हणून पैशाचं, लग्नाचं, जागेचं, कशाचंही बोलत असेल तर ओरिजनल डिस्चार्ज बुक हातात घेऊन बघा, फोनवरचा फोटो चालणार नाही. जन्म, भरती, डिस्चार्ज या तीन तारखा कागदावर लिहा आणि तो सांगतो त्या लढाया त्यात बसतात का बघा. पेन्शन असेल तर पीपीओ असणारच, जवानाला पेन्शनसाठी किमान १५ वर्षं सर्व्हिस लागते, मग आठ वर्षांत सुटलो आणि पूर्ण पेन्शन चालू आहे असं कुणी म्हणालं तर तिथंच थांबून पुढचं विचारा. वीरचक्र शौर्यचक्र वगैरे सांगत असेल तर ती नावं सरकारी राजपत्रात छापलेली असतात, गावात कुणाला न कळता मिळत नाहीत. आणि सगळ्यात सोपं म्हणजे जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयात जा. आम्ही नंतर गेलो तर तिथल्या बाईंनी रजिस्टर बघून सांगितलं की या नावाची नोंदच नाही, नंबरची रचना पण चुकीची आहे. दहा मिनिटं लागली. एसटीचं तिकीट धरून दोघांचे दोनशे रुपये पण गेले नाहीत.

गल्लीतल्या खऱ्या फौजीशी त्याची गाठ घालून द्या आणि तुम्ही बाजूला बसा. कुठली बटालियन, सीओ म्हणजे बटालियनचे प्रमुख कोण होते, ट्रेनिंगला कोण कोण होतं, ही चौकशी फौजी आपसात पहिल्या पाच मिनिटांत करतातच. आमचा माणूस तात्यांच्या घरावरून रोज जायचा पण कधी आत आला नाही, हे आता लक्षात येतं.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, आम्ही पाच महिन्यांनी केला, तोपर्यंत मेव्हण्याचं खातं रिकामं झालं होतं. पोलिसात ४२० ची तक्रार दिली. सुरुवातीला अण्णा जायला तयार नव्हते, म्हणायचे पैसे देऊन भरती करत होतो हे आपणच लिहून द्यायचं का. ती चूक आमची आहेच आणि ती मी लपवत नाही, साडेपाच मिनिटांत धावणारं पोरगं होतं, त्याला वशिला कशाला हवा होता? पण अकॅडमीतल्या आणखी दोन घरांनी याच भीतीनं तक्रार दिलेली नाही, आणि त्यामुळे तो माणूस आज दुसऱ्या कुठल्यातरी ग्राउंडवर सावधान विश्राम करत असणार. त्या दोन घरांतलं कुणी हे वाचत असेल तर कृपा करून या, आपण तिघं मिळून जाऊ, तात्या सोबत यायला तयार आहेत.

मार्कशीट परत मिळाल्या नाहीत, बोर्डाकडून डुप्लिकेट काढल्या. कोऱ्या चेकचं पेमेंट बँकेत जाऊन थांबवलं. गंठण अजून पतसंस्थेत आहे. धाकट्याचं आर्मीचं वय गेलं, पोलीस भरतीला वय आहे, दिवाळीपासून परत ग्राउंडला जायला लागलाय.