दहा महिने, सात पाहुणे: सर्वासचं यजमानपद

गेल्या ऑक्टोबरात आम्ही सर्वासमध्ये यजमान म्हणून नाव नोंदवलं. ठाण्याच्या नौपाड्यात दोन बेडरूमचं घर, मुलगा शिकायला बाहेरगावी, त्याची खोली रिकामी. सर्वास ही १९४९ साली डेन्मार्कमध्ये सुरू झालेली शांततेसाठी काम करणारी संस्था. नाव एस्परँटो भाषेतलं, सेवा करणं या अर्थाचं. पाहुण्याकडून पैसे घ्यायचे नाहीत, मुक्काम साधारण दोन रात्रींचा, आणि प्रवाशाची आधी मुलाखत होऊन त्याला परिचयपत्र मिळालेलं असतं. त्या परिचयपत्रामुळेच सासूबाई, म्हणजे आमच्या आई, तयार झाल्या.

सात पाहुण्यांनी मला सगळ्यात जास्त शिकवलं ते जेवणाच्या टेबलावर.

डिसेंबरात एक जर्मन जोडपं आलं. रात्री थालीपीठ आणि लोणी. आईंनी आणखी वाढू का विचारलं की ते हसून ‘डांके’ म्हणायचे. डांके म्हणजे धन्यवाद, एवढं आम्हाला ठाऊक होतं, म्हणून आई वाढत राहिल्या. चौथ्या थालीपिठाला त्या बाईंनी ताटावर हात आडवा धरला. मग उलगडा झाला: कुणी काही देऊ केल्यावर जर्मन माणूस नुसतं डांके म्हणाला, तर बहुधा त्याचा अर्थ ‘नको, धन्यवाद’. हवं असेल तर तो ‘बिट्टे’ म्हणतो. आईंना फार वाईट वाटलं. पाहुण्याला त्रास झाला म्हणून त्यांनी ठरवूनच टाकलं, परदेशी माणसाला आग्रह करायचा नाही.

मार्चमध्ये होळीला जपानहून एक विद्यार्थिनी आली. पुरणपोळी. तिने एक खाल्ली, दुसरीला नको म्हणाली. आईंनी लगेच हात मागे घेतला. दुसऱ्या दिवशी तलावपाळीला फिरताना मी सहज विचारलं, पोळी आवडली नाही का? ती संकोचली. म्हणाली, फार आवडली, पण आमच्याकडे पहिल्याच विचारण्याला हो म्हणणं बरं दिसत नाही. या मागे सरण्याला जपानीत ‘एनऱ्यो’ म्हणतात. म्हणजे मुलगी आमच्या घरी अर्धपोटी झोपली होती! घरी येऊन आईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, “अगं, मग ती आपल्यासारखीच की. मीही माहेराहून आले तेव्हा दोनदा नको म्हणायचे.” त्या रात्री त्यांनी तिला आग्रह करून वाढलं आणि तिने तीन पोळ्या खाल्ल्या.

त्या जर्मन गृहस्थांना रेल्वेचं वेड होतं. ठाणे स्टेशनच्या फलाटावर मी अभिमानाने सांगितलं, १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी इथे आली, ३४ किलोमीटर. ते म्हणाले, आमची वाफेची पहिली गाडी न्युरेंबर्ग ते फ्युर्थ, १८३५. १८३५ आणि १८५३, शेवटचे दोन आकडे उलटे. त्या दोन आकड्यांवर आम्ही कोपरीच्या बाजूला उतरून चहा घेईपर्यंत बोलत होतो. आपल्या गावाबद्दल इतकं कुतूहल असलेला माणूस मला इथे क्वचित भेटला आहे.

आता कामाचं. परदेशी पाहुणा घरी ठेवला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती देणारा सरकारी फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. त्यासाठी आधी घराची नोंदणी करून घ्या, ऐनवेळी धावपळ होते. पासपोर्ट आणि व्हिसाचे फोटो पाहुणा येताच काढा. सोसायटीला आधी कळवा. आमच्याकडे पहिल्या पाहुण्याच्या वेळी समितीतून दोन फोन आले, नंतर सेक्रेटरीच गप्पा मारायला वर येऊ लागले.

थकवा येतो, हे खरं आहे. एकच बाथरूम, सकाळी माझी ८:१२ची लोकल. सातांपैकी एक पाहुणे फक्त झोपायला आले, दोन दिवसांत धड बोलणं झालं नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून आता होकार देण्याआधी मी विचारते, एक जेवण आमच्यासोबत बसून घ्याल ना? ज्यांच्याकडे तेवढा वेळ आहे त्यांनाच बोलावते, महिन्याला एकच. घरात बोलायला कुणीतरी मोकळं असेल, तर तुम्हीही नाव नोंदवा.

पुढच्या महिन्यात इराणहून एक शिक्षिका येणार आहेत. आईंनी आत्ताच विचारून ठेवायला सांगितलंय: त्यांच्याकडे किती वेळा नको म्हणतात?